नाक्सोसचा बटाटा आणि यायाची भट्टी

गुरुवार : पिरेयस ते नाक्सोस

ग्रीसचं प्रसिद्ध सांतोरिनी बेट वगळून नाक्सोसला जायचं हे दादाने ठरवलं. दादा पुणे जिल्ह्यात मंचरजवळच्या सातगाव पठारावर पावसावरचा बटाटा करतो, वडीलही तेच करायचे. नाक्सोस हे एजियन समुद्रातल्या सायक्लेडीज बेटांमधलं सगळ्यात मोठं बेट. ग्रीसमध्ये कुठल्याही भाजीबाजारात गेलात तर ‘नाक्सोसचा बटाटा’ अशी वेगळी पाटी दिसते. युरोपीय संघाने त्याला भौगोलिक मानांकनही दिलेलं आहे. हे कळल्यावर दादाला दुसरं काही बघायचंच नव्हतं. दिवाळी उरकली आणि नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात दादा, वहिनी आणि मी असे तिघे निघालो.

अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून सकाळी सुटणारी मोठी फेरीबोट पारोस बेटाला थांबत साधारण साडेपाच तासांत नाक्सोसला पोचते. बंदरात शिरताना डाव्या हाताला पोर्तारा दिसतो : संगमरवराची सुमारे सहा मीटर उंचीची चौकट, आणि तिच्या मागे काहीच नाही. लिग्दामिस नावाच्या इथल्या सत्ताधीशाने इ.स.पू. ५३०च्या सुमारास अपोलोचं मंदिर बांधायला घेतलं, ते अर्धवट राहिलं आणि दार तेवढं उरलं. संध्याकाळी तिथे गेलो तेव्हा वारा इतका होता की वहिनींनी ओढणी डोक्याला घट्ट बांधली होती.

रात्री धक्क्यावरच्या एका तावेर्नात, म्हणजे तिथल्या खानावळीत, बिफ्तेकी मागवली. बिफ्तेकी म्हणजे खिम्याचा जाड, चपटा गोळा, आपल्या कबाबाहून बराच मोठा. ती कोळशावर भाजलेली होती आणि सोबत ऑलिव्हच्या तेलात तळलेले बटाटे. चव चांगलीच होती. दादाने बटाट्याची एक फोड उभी मोडून आत पाहिलं. पिवळी, कोरडी, पिठूळ. “पाणी कमी धरतो हा,” म्हणाला आणि उरलेल्या फोडी माझ्याकडे न सरकवता स्वतःच संपवल्या.

गोमांस खात नसाल तर चार शब्द पाठ करून जा. ‘मोस्खारी’ म्हणजे गोमांस, ‘खिरिनो’ म्हणजे डुकराचं, ‘आर्नी’ म्हणजे कोकराचं आणि ‘कोतोपुलो’ म्हणजे कोंबडीचं. बिफ्तेकी बहुतेक ठिकाणी मोस्खारीची किंवा मोस्खारी-खिरिनो मिश्रणाची असते, पण विचारलं की लगेच सांगतात. शाकाहारी असाल तर ‘निस्तिसिमो’ म्हणा. तिथल्या उपवासाला चालणारं, मांस-दूध-अंड्यांविना केलेलं जेवण मिळतं. फक्त त्या उपवासाला कोळंबी-शिंपल्यांसारखं चालतं, तेवढं विचारून घ्या.

शुक्रवार : लिवादीची शेतं

गावाच्या दक्षिणेला, विमानतळाच्या बाजूला लिवादीचं सपाट रान आहे. बटाटा मुख्यतः तिथेच. वर्षात दोन पिकं निघतात, एक उन्हाळ्याच्या तोंडाला आणि दुसरं पावसाळी थंडी सुरू होताना. आम्ही गेलो तेव्हा दुसऱ्याची काढणी चालू झाली होती.

जमीन रेताड आणि हलकी. समुद्र इतका जवळ की विहिरीच्या पाण्यालाही थोडा खारटपणा. दादाने खाली बसून मूठभर माती उचलली, दाबली आणि बोटांतून सोडली. ट्रॅक्टरवरच्या माणसाने ते पाहिलं आणि यंत्र थांबवून तो खाली उतरला. त्याला इंग्रजी येत नव्हतं, दादालाही फारसं येत नाही. तरी दोघांचं वीस मिनिटं चाललं. सरीची रुंदी वितीने दाखवली, बेण्याची खोली बोटांनी दाखवली. भावाचा प्रश्न आल्यावर तर दोघांच्याही तोंडावर एकच भाव उमटला. जाताना त्याने आमची पिशवी बटाट्यांनी भरली आणि पैसे घेतले नाहीत. ‘स्पुंटा’ आणि ‘आग्रिया’ ही वाणांची नावं दादाने माझ्याकडून मराठीत लिहवून घेतली.

ग्रीसमध्ये बटाटा कसा रुजला याची एक गोष्ट इथे सगळ्यांना ठाऊक असते. स्वतंत्र ग्रीसचे पहिले राज्यप्रमुख योआनिस कापोदिस्त्रियास १८२८मध्ये नाफ्प्लियोला आले. देश लढाईने उपाशी होता. त्यांनी बटाटे आणवले, पण लोक हात लावेनात. मग त्यांनी गोदीवरच्या ढिगाभोवती पहारेकरी उभे केले आणि कोणी चोरलं तर दुर्लक्ष करा, असं पहारेकऱ्यांना बजावलं. इतकी राखण आहे म्हणजे मोलाची वस्तू असणार असं वाटून लोकांनी रातोरात सगळा ढीग पळवला. घडलं असेल किंवा नसेल, पण गोष्ट शेतकऱ्याची नस ओळखणाऱ्या माणसाने रचलेली आहे. दादाला ती इतकी आवडली की पुढच्या प्रत्येक जेवणात त्याने ती कोणाला ना कोणाला सांगितली.

शनिवार : हाल्की आणि फिलोती

बंदरासमोरून केटेलच्या बस बेटाच्या आतल्या गावांना जातात. नोव्हेंबरमध्ये फेऱ्या कमी होतात, रविवारी तर फारच कमी, म्हणून परतीची वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेवा. तिकीट बसमध्ये चढायच्या आधी काढायचं असतं.

किनारा सुटला की वीसेक मिनिटांत बेट बदलतं. दोन्हीकडे ऑलिव्हची जुनी, पिळवटलेली झाडं, खाली जाळ्या अंथरलेल्या आणि काठ्यांनी फांद्या झोडपणारी माणसं. हाल्कीला उतरलो. इथे १८९६पासून ‘कित्रो’ नावाचं मद्य गाळतात. ते फळापासून नाही, तर झाडाच्या पानांपासून काढतात. फळ पाहिल्यावर वहिनी एकदम म्हणाल्या, “अहो, हे तर म्हाळुंग!” कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं तेच. हंगाम संपल्यामुळे बरीच दुकानं बंद होती, पण किराणा दुकानात बाटल्या होत्या. हिरवं सगळ्यात गोड आणि सौम्य, पिवळं सगळ्यात कडक. आम्ही हिरवं घेतलं.

मुक्काम फिलोतीला होता, झास डोंगराच्या पायथ्याशी. झास म्हणजे झ्यूस. उंची हजार मीटरच्या किंचित वर, सायक्लेडीजमधला सगळ्यात उंच डोंगर. खोल्या देणारं कुटुंब म्हणजे ऐंशीच्या घरातली आजी, तिचा मुलगा, सून आणि नातवंडं. आजीला सगळे ‘याया’ म्हणत, म्हणून आम्हीही. सुनेला इंग्रजी छान येत होतं.

अंगणात शिरताच भट्टी दिसली. चुन्याने सारवलेला पांढरा घुमट, छातीएवढ्या उंचीचा ओटा, अर्धगोल तोंड आणि त्याला टेकवलेला पत्र्याचा दरवाजा. मी थांबलेली पाहून याया सुनेला काहीतरी म्हणाली. सून हसून म्हणाली, “उद्या पेटणार आहे. तुम्ही जेवायला आहातच.”

मग लगेच प्रश्न आला, काय खाता? मी गोमांसाचं सांगितलं. यायाने मान हलवली, पदर सारखा करावा तसा डोक्याचा रुमाल सारखा केला आणि आम्हाला घेऊन खाटकाकडे निघाली. ग्रीसमध्ये खिमा गिऱ्हाईकासमोरच दळून देतात, आधीच दळून ठेवलेला घेत नाहीत. कोकराच्या खांद्याचा तुकडा तिने स्वतः निवडला, चरबी काढायला निघालेल्या खाटकाचा हात धरून थांबवला आणि एकदाच, जाड दळायला लावलं.

आम्ही नेलेली कडबोळी आणि अनारसे रात्री दिले. अनारशाची जाळी यायाने दिव्यासमोर धरून नीट बघितली. कशाने पडते ते वहिनींनी सांगितलं, सुनेने ते ग्रीकमध्ये सांगितलं, आणि याया “तांदूळ?” असं तीन वेळा विचारत राहिली.

रविवार : भट्टी

पहाटे अंधारातच मुलाने भट्टी पेटवली. आधी द्राक्षवेलीच्या छाटणीच्या काटक्या आणि वाळलेली काटेरी झुडपं, कारण ती भडकन पेटतात. मग ऑलिव्हची लाकडं. ऑलिव्ह हळू जळतं आणि निखारा टिकतो. उन्हाळ्यात वणव्यांचा काळ, म्हणजे १ मे ते ३१ ऑक्टोबर, उघड्यावर जाळ करण्यावर तिथे कडक बंधनं असतात, वाऱ्याच्या दिवशी तर फारच. म्हणून भट्टीचा खरा हंगाम पाऊस पडायला लागल्यावर.

जाळाच्या सुरुवातीला घुमटाची आतली बाजू काजळीने काळी होते. तासा-दीड तासाने विटा इतक्या तापतात की काजळी जळून जाते आणि घुमट आतून पांढरा दिसू लागतो. हीच खूण. तो कोपऱ्यापर्यंत पांढरा होईतो मुलगा लाकूड सरकवत राहिला. मग लोखंडी कुदळीने निखारे बाहेर ओढून डब्यात काढले आणि लांब काठीला बांधलेल्या ओल्या फडक्याने तळ पुसून घेतला. भट्टीत आता विस्तव नव्हता.

मला वाटत होतं की लाकडावरच्या जेवणाची गोडी धुरात असते. यायाच्या भट्टीत जेवण शिजताना धूर जवळजवळ नव्हताच. शिजवतात त्या विटा. घुमट वरून तापवतो, तळ खालून, आणि तोंड बंद असल्यामुळे रसाची वाफ आतच फिरते. विस्तव विझल्यावर जी उष्णता उतरत जाते, तिच्यावर दिवसभराचं काम वाटून घेतलेलं असतं : आधी पाव, मग मांस-बटाटे, मग रात्रभर कडधान्य. ही उतरण्याची चाल तिला पाठ आहे. बंदरावरच्या तावेर्नांत ‘लाकडाची भट्टी’ अशा पाट्या दिसतात, पण त्या बहुतेक पिझ्झाच्या भट्ट्या, आत सतत जाळ. ती कामं वेगळी, हे वेगळं.

याया चर्चमधून दहाच्या सुमारास आली. आल्या आल्या चिमूटभर पीठ तळावर टाकलं. ते क्षणात काळं पडलं. तिने दरवाजा लावला, थोडं थांबली, पुन्हा टाकलं. आता सावकाश तांबूस झालं. आदल्या रात्री आंबवलेले मोठे गोल पाव आत गेले.

पाव भाजले जात होते तेवढ्यात खिमा. किलोमागे एक मोठा कांदा किसून, शिळ्या पावाच्या दोन जाड चकत्या पाण्यात भिजवून घट्ट पिळून, एक अंडं, मूठभर पार्सली, तिच्या निम्मा पुदिना, वाळवलेलं रिगानी म्हणजे ओरेगॅनो, मीठ, मिरपूड आणि ऑलिव्हच्या तेलाची धार. आलं-लसूण नाही, तिखट नाही, गरम मसाला नाही. वहिनींनी मळायला घेतलं. यायाने त्यांचा हात बघितला आणि “अजून” अशी खूण केली. मग अजून. दहा मिनिटं मळल्यावर मिश्रण हाताला चिकटेनासं झालं आणि एकसंध उचलता आलं. तेव्हाच ती थांबली. तासभर थंड जागी ठेवलं. मग दोन बोटं जाडीच्या, तळहाताएवढ्या बिफ्तेकी थापल्या आणि प्रत्येकीच्या मधोमध अंगठ्याने खळगा केला, म्हणजे शिजताना मध्ये फुगत नाही. नातवंडांच्या वाट्याच्या दोन-तीनमध्ये नाक्सोसच्या ग्राव्हिएरा चीजचा तुकडा भरला.

बटाटे दादाने सोलले. शेतावरून मिळालेलेच. त्याच्या कापांकडे याया बघत होती. उभ्या, जाड फोडी, एका बटाट्याच्या सहा. मोठ्या गोल परातीसारख्या भांड्यात, ज्याला तिथे ‘तापसी’ म्हणतात, दीड किलो खिम्याला तीन किलो बटाटे पडले. वर अर्धी वाटी नव्हे, चांगली भरून वाटी ऑलिव्हचं तेल, मीठ, रिगानी, ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या, चमचाभर मोहरीची पेस्ट, दोन पेले पाणी आणि एका लिंबाचा रस. बाकीची लिंबं तिने बाजूला ठेवली. मी विचारलं तेव्हा सून म्हणाली, “सगळं लिंबू आधी घातलं तर बटाटा मऊ व्हायला तयार होत नाही.” बरोबर आहे. आंबटपणाने बटाट्याच्या पेशी घट्ट राहतात. म्हणून थोडं सुरुवातीला, चव आत जायला, आणि उरलेलं बटाटा शिजल्यावर.

पाव निघाले, तापसी आत गेली. दरवाजा लावून त्याच्या कडा यायाने ओल्या कणकेने लिंपल्या नाहीत, कारण हे भांडं मध्येच काढायचं होतं. पाऊण तासाने काढलं तेव्हा बटाट्यांच्या वरच्या कडा तांबूस होत्या आणि खाली रस खदखदत होता. उरलेलं लिंबू पिळलं, बिफ्तेकी बटाट्यांवर मांडल्या आणि भांडं अर्धं फिरवून परत आत, कारण मागची बाजू तोंडापेक्षा जास्त तापलेली असते. आणखी साधारण चाळीस मिनिटं. या चाळीस मिनिटांत मांसाची चरबी आणि रस सगळा खाली बटाट्यांत उतरतो. कोळशावर भाजलं असतं तर तो निखाऱ्यांवर गळून गेला असता. घरोघरी रविवारी बिफ्तेकी परातीत का करतात याचं उत्तर मला त्या भांड्याच्या तळाशी मिळालं.

वाट बघताना अंगणात थंडी होती, पण भट्टीजवळ सगळे उबेला आले होते. शेजारची एक बाई स्वतःची तापसी घेऊन आली आणि दुसऱ्या बाजूला सरकवून गेली. सून सांगत होती, पूर्वी ज्यांच्याकडे भट्टी नसे ते रविवारी आपलं भांडं गावच्या बेकरीत नेऊन देत आणि चर्च सुटल्यावर घेऊन जात. अजूनही काही ठिकाणी नेतात. दादाने काढणीच्या दिवसांत शेतावर गोवऱ्यांच्या राखेत पुरून भाजलेल्या बटाट्यांचं वर्णन केलं. यायाला ते पटकन समजलं, ती म्हणाली की तिचे वडील चुलीच्या राखेत भाजायचे.

बाराच्या पुढे कधीतरी भांडं निघालं. बिफ्तेकींच्या वर गडद तांबूस कड, आत ओलसर. आणि बटाटे! वरून खुसखुशीत, आतून लोण्यासारखे, तळाशी चिकटलेले तर चमच्याने खरवडून घ्यावेत असे. लिंबाचा आंबटपणा चरबीला बरोबर कापत होता. मी मसाल्याची माणूस आहे आणि तरी मला त्या ताटात काहीही घालावंसं वाटलं नाही. सोबत गरम पाव, टोमॅटो-कांदा, ग्राव्हिएरा आणि घरची नवी वाइन. ३ नोव्हेंबरला संत जॉर्जच्या सणाला नवी पिंपं उघडायची पद्धत आहे, तो नुकताच होऊन गेला होता. दादा जेवताना एक शब्द बोलला नाही. शेवटी उठून त्याने यायाला वाकून नमस्कार केला. तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

दुपारी भट्टी अजून गरमच होती. मातीच्या मडक्यात भिजवलेले छोले, कांदा, तेल, तमालपत्र आणि पाणी घालून ते आत ठेवलं आणि आता मात्र दरवाजाच्या कडा कणकेने बंद केल्या.

सोमवार : वारा

सकाळी बसने बंदरावर जायचं होतं. त्याआधीच सूनबाई येऊन म्हणाली, आज जहाज नाही. उत्तरेचा वारा वाढला होता. वाऱ्याचा जोर मोजण्याच्या बोफर्ट मापावर ८-९च्या आसपास वारा गेला की बंदराचे अधिकारी मोठ्या फेरीबोटीही थांबवतात, वेगवान लहान बोटी तर त्याआधीच बंद होतात. तिकीट पुढच्या जहाजावर बदलून मिळालं, पण अथेन्सचं हॉटेल बुडालं. नोव्हेंबर ते मार्च या काळात बेटांवर जात असाल तर परतीचं विमान आणि जहाज यांच्यामध्ये एक मोकळा दिवस ठेवाच. आम्ही ठेवला होता, म्हणून विमान चुकलं नाही.

दिवस यायाच्या स्वयंपाकघरात गेला. दरवाजाची वाळलेली कणीक फोडून मडकं काढलं. छोले अख्खे होते, पण जिभेवर ठेवले की विरघळत होते, आणि कांदा कुठे गेला ते कळत नव्हतं. वर फक्त लिंबू. वहिनी शनिवारी आणि सोमवारी मांस खात नाहीत, त्यांनी काल थोडंच घेतलं होतं असं नाही, पण आजच्या या छोल्यांवर त्या खऱ्या खूश झाल्या. भट्टीच्या उरल्या ऊबेत कालच्या पावाच्या चकत्या कडक वाळत ठेवल्या होत्या. त्या महिनोन् महिने टिकतात, पाण्यात बुचकळून टोमॅटो आणि तेल घालून खायच्या. यायाने एक पिशवी बांधून दिली.

मंगळवार : परत, आणि घरी करायचं असेल तर

वारा पडला, जहाज आलं. बाकी प्रवास सुरळीत.

परतल्यावर मंचरला दादाच्या घरी ओटीजीमध्ये करून पाहिलं आणि उत्तम झालं. काही गोष्टी सांगते. ओव्हन २०० अंशांवर आधी पूर्ण तापू द्या. भांडं पसरट घ्या, फोडी एकावर एक आल्या तर उकडतात, भाजत नाहीत. आपल्याकडचा नवा बटाटा पाणी जास्त धरतो, त्यामुळे पाणी निम्मं करा. साठवणीतला जुना असेल तर यायाच्या मापाने घाला. खिमा बोकडाचा चालतो, पण खाटकाला चरबी ठेवायला सांगा आणि एकदाच जाड करून घ्या. पार्सलीऐवजी कोथिंबीर घातली तर पदार्थ वेगळाच होतो, त्यापेक्षा पुदिना थोडा वाढवा. शेवटची दहा मिनिटं फक्त वरची कॉइल चालू ठेवा, घुमटाच्या वरच्या आचेचं काम ती बऱ्यापैकी करते. आणि भांडं अर्ध्यावर फिरवायला विसरू नका, छोट्या ओव्हनचीही मागची बाजू जास्त तापते.

दादाने मात्र विटा मोजून ठेवल्या आहेत. गोठ्याच्या मागे, वाऱ्याकडे पाठ करून जागा आखली आहे, आणि पठारावरची बटाटा काढणी झाली की बांधायला घेणार आहे.